पिवळा पंप, पिवळं कार्ड

मंडळी, स्मरणिकेत गोड लिहायची पद्धत आहे. दिवाळीच्या आठवणी, आजीचं अंगण, मुलांचं मराठी. हे सगळं छानच असतं. पण या वर्षी मी थोडं तिखट लिहिणार आहे, आणि विषय अगदीच गद्य आहे: पेट्रोल. त्यातही शनिवारी सकाळी डबे भरून, पोरांना मागे बसवून, कॉजवे ओलांडून जोहोर बारूत जाऊन भरलेलं पेट्रोल.

सिंगापुरात गाडी असलेल्या आपल्या मंडळींपैकी हे कोणाला नवीन नाही. इकडे पेट्रोल महाग, तिकडे स्वस्त, आणि मध्ये १९२४ साली बांधलेला किलोमीटरभराचा पूल. गर्दी टाळायची तर १९९८ पासून तुआसचा दुसरा पूलही आहे. इकडच्या भावात सरकारी कर मोठा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो वाढून ९५ ऑक्टेनला लिटरमागे ६६ सेंट आणि ९८ ला ७९ सेंट झाला. एवढ्याशा बेटावर गाड्या मावाव्यात म्हणून गाडी बाळगणं मुद्दाम महाग ठेवलंय, हे आपण इथे येताना माहीत करूनच आलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर छोट्या गाडीची सीओई, म्हणजे फक्त दहा वर्षं गाडी ठेवायचा परवाना, एक लाख डॉलरच्या वर गेली होती. असा परवाना घेणारा माणूस वीस डॉलर वाचवायला दीड तास रांगेत उभा राहतो, यातला विनोद मी तुमच्यावर सोडतो.

वीस तरी वाचतात का, ते बघू. मी आयटी कन्सल्टंट, तासाच्या दराने बिल लावणारा माणूस. हिशेब केल्याशिवाय मला झोप येत नाही. सिंगापूरची गाडी देशाबाहेर नेताना टाकी किमान पाऊण भरलेली असावी लागते. १९८९ मध्ये हा नियम अर्ध्या टाकीचा होता, १९९१ मध्ये पाऊण झाला. मोडला तर ५०० डॉलरपर्यंत दंड. म्हणजे पन्नास लिटरच्या टाकीत तिकडे जागा उरते साडेबारा लिटरची. वाटेत जळलेलं धरून पंधरा म्हणू. २०२५ अखेरच्या भावांनी, इकडच्या कार्डावरच्या सवलती न धरता, फरक लिटरमागे पावणेदोन डॉलर. हे मी तुम्हालाच झुकतं माप देतोय. झाले सव्वीस डॉलर. त्यातून मलेशियाचा रोड चार्ज २० रिंगिट वजा करा, टोलचे थोडे वजा करा. उरले अठरा-एकोणीस. चार माणसं, जाऊन-येऊन तीन तास. माणशी ताशी दीड डॉलर. एका कोपीचे पैसे.

पण माझं भांडण या हिशेबाशी नाही. ज्याला आपला शनिवार कोपीच्या भावाने विकायचा आहे, त्याने खुशाल विकावा. मलाक्का किंवा क्वालालंपूरला जाताना वाटेत टाकी भरली, तर त्यातही काही गैर नाही. तिथे हिरव्या मुठीच्या नळीतून रॉन ९७ मिळतं, ते बाजारभावाने विकतात आणि आपल्याला घ्यायला मुभा आहे. घ्या, वर नासी लेमाक खा, पंपवाल्याचं चार पैशांनी भलं होऊ द्या.

माझं भांडण पिवळ्या मुठीच्या नळीशी आहे. तीत रॉन ९५ असतं, म्हणजे सबसिडीचं पेट्रोल. परदेशी नंबरच्या गाडीला ते विकायला २०१० पासून बंदी आहे. पंपावर तशी पाटी असते. विकताना सापडला तर पंपचालकावर १९६१ च्या पुरवठा नियंत्रण कायद्याखाली खटला होतो, आणि दंडाची कमाल रक्कम लाखो रिंगिटमध्ये जाते. ३० सप्टेंबर २०२५ पासून तर ‘बुडी ९५’ योजना सुरू झाली. मलेशियन नागरिकाने आपलं मायकॅड हे ओळखपत्र दाखवायचं, आणि ठरलेल्या मासिक कोट्यात १.९९ रिंगिट दराने पेट्रोल घ्यायचं. सुरुवातीला हा कोटा महिन्याला ३०० लिटर होता.

मंडळी, हे वाचून काही आठवतं का? कार्ड, कोटा, ठरलेला दर, दुकानावर पाटी. हे रेशन आहे! आपल्या महाराष्ट्रात १९९९ पासून रेशनकार्डं तीन रंगांची आहेत: पांढरं, केशरी आणि पिवळं. पिवळं सगळ्यात गरिबाचं. आमच्या गल्लीत पांढऱ्या कार्डाच्या लायकीचा कोणी पिवळं काढून गहू उचलत असेल, तर त्याच्याबद्दल बायका नळावर काय बोलायच्या ते इथे छापता येणार नाही. तोच पिवळा रंग कॉजवेच्या पलीकडे दिसला की मात्र आपल्याला ‘स्मार्ट सेव्हिंग’ आठवतं.

गेल्या वर्षी एका घरी जेवणानंतर गप्पा रंगल्या होत्या. एका सद्गृहस्थांनी किस्सा सांगितला: ओळखीच्या स्थानिक माणसाचं कार्ड घेतलं, कोपऱ्यातला पंप गाठला, नंबरप्लेटसमोर डिकीचं सामान काढून ठेवलं आणि पिवळ्या नळीने टाकी भरली. सगळे हसले. बाजूला बसलेली तीन-चार पोरंही हसली. मी मनातल्या मनात आकडेमोड केली. हिरव्या आणि पिवळ्या नळीतला फरक त्या वेळी लिटरला सव्वा रिंगिट. पंधरा लिटरचे झाले एकोणीस रिंगिट. म्हणजे सहा डॉलर! सहा डॉलरसाठी एका नोकरदार पंपवाल्याची भाकरी टांगणीला लावली, ओळखीच्या माणसाला अडचणीत ओढलं, आणि पोरांना धडा दिला तो वेगळाच. याच सद्गृहस्थांनी त्याच संध्याकाळी, गुलाबजाम खाताना, ‘आपल्या इंडियात सिस्टिमच नाही हो’ असा सुस्कारा टाकला होता.

यावर येणारी उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं: ‘सावंतवाडी-बांद्याची माणसं गोव्यात जाऊन पेट्रोल भरत नव्हती का?’ भरत होती. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, पेट्रोल लिटरला सुमारे ११ रुपयांनी उतरलं, तेव्हा सीमेपलीकडून गाड्या जाणारच. पण गोव्याने कोणाचं कार्ड मागितलं नव्हतं. दुकान सगळ्यांना उघडं होतं. जोहोरच्या त्या पंपावर पाटी लावून आपल्याला सांगितलंय की हे तुमच्यासाठी नाही. उघड्या दारातून जाणं आणि खिडकीतून शिरणं यात फरक असतो.

दुसरं उत्तर: ‘माझ्या पंधरा लिटरने मलेशिया बुडतंय का?’ नाही बुडत. वूडलँड्सच्या तपासणी नाक्यावरून दिवसाला तीन लाखांच्या आसपास माणसं ये-जा करतात. त्यातला प्रत्येकजण हेच म्हणू शकतो. आणि एकाच वस्तूला दोन भाव असले, की मधली फट किती रुंदावते ते महाराष्ट्राइतकं कोणाला ठाऊक? रेशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग घालायचे. तरीही ते इंधनाच्या भेसळीत जायचं. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ ही भेसळ पकडायला गेलेल्या यशवंत सोनवणे या अपर जिल्हाधिकाऱ्यांना जिवंत जाळलं गेलं. आपली शनिवारची सहल आणि ते अमानुष कृत्य एका तराजूत घालायला मी वेडा नाही. पण गरिबाच्या स्वस्त इंधनात वाटा मागणाऱ्याला जिथे समाज ‘हुशार’ म्हणतो, तिथे माफियाला रान मोकळं मिळतं. हसणारी पंगत आधी बसते, माफिया मागून येतो.

तिसरं उत्तर आमच्या आयटीवाल्यांचं आवडतं: ‘सिस्टिममध्येच लूपहोल आहे, आम्ही काय करणार?’ बंधूंनो, क्लायंटच्या सिस्टिममध्ये भोक सापडलं तर आपण ते कळवतो आणि त्याचे पैसे घेतो. त्या भोकातून क्लायंटचा डेटा घरी आणला, तर तुरुंगात जातो. परदेशात मास्टर्स करताना मला हे पहिल्याच सेमिस्टरला शिकवलं होतं. ते फक्त कॉम्प्युटरपुरतं होतं असं कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

आता जरा त्या रांगेत आपल्या पुढे-मागे कोण असतं ते बघा. हेल्मेट घालून मोटरसायकलवर बसलेले हजारो मलेशियन. पहाटे चारला घर सोडतात, आपल्या कारखान्यांत, दुकानांत, बसच्या स्टीअरिंगवर दिवसभर राबतात आणि रात्री त्याच पुलावरून परत जातात. पिवळ्या नळीतलं पेट्रोल त्यांच्या हक्काचं आहे. त्या सबसिडीचे पैसे त्यांच्या देशाच्या तिजोरीतून जातात, त्यांच्या शाळांना आणि दवाखान्यांना जाऊ शकले असते ते. आपण वातानुकूलित गाडीत बसून त्यांच्या हक्कातलं उचलणार, आणि वर रांग लांबली म्हणून त्यांच्याच बाइकवर हॉर्न वाजवणार!

काटकसर हा आपला जुना दागिना आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. आपल्या आयांनी साखरेच्या पिशव्या धुऊन वापरल्या, वहीतली उरलेली पानं शिवून नवी वही केली. पण ती काटकसर स्वतःच्या गरजेला लावलेली कात्री होती. शेजारणीच्या डब्यातली साखर आणून कोणी ‘बचत केली’ म्हटलं नाही.

जाता जाता एक भाषेची गंमत. त्या योजनेचं नाव वाचून आपल्याला बुडी मारावीशी वाटते खरी. पण मलय भाषेतला ‘बुडी’ हा शब्द आपल्या संस्कृत ‘बुद्धी’वरून गेलेला आहे. तिकडे जाऊन त्याचा अर्थ झाला चांगुलपणा, सद्वर्तन, उपकाराची जाण. शब्द आपल्याकडून गेला, अर्थ त्यांनी वाढवला.

तेव्हा मंडळी, मागणं मोठं नाही. पेट्रोल भरायचंच असेल तर हिरव्या नळीने भरा आणि पावती घ्या. इकडून निघताना पाऊण टाकी खरीखुरी पाऊण असू द्या, काट्याशी खेळ नको. आणि यंदाच्या कोजागिरीला कोणी पिवळ्या पंपाचा किस्सा रंगवून सांगू लागलं, तर भांडू नका, भाषणही देऊ नका. फक्त हसू नका. मसाला दुधाचा पेला तोंडाला लावा आणि गप्प बसा. आपल्या पंगतीत न हसलेला विनोद पुन्हा कोणी सांगत नाही.