व्याजाचे फंक्शन

उधारीवरील व्याज काढण्याची पेढीवरची रीत ठरलेली आहे : मुद्दल, दर आणि दिवस यांचा गुणाकार करून ३६,५०० ने भागावयाचे. एक लाख रुपयांवर द.सा.द.शे. १२ दराने ९० दिवसांचे व्याज २,९५८ रुपये ९० पैसे होते. हीच रीत संगणकाला एकदा शिकवून तिला नाव दिले, की तिला फंक्शन म्हणतात.

गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या पायथन भाषेत नवशिक्यालाही हे साधते. आरंभी ‘डेफ’ हा शब्द, मग फंक्शनचे नाव, कंसात मुद्दल, दर व दिवस, आणि शेवटी अपूर्णविराम. पुढील ओळी थोड्या आत सरकवून लिहावयाच्या. हा समास शोभेसाठी नव्हे. फंक्शन कोठे संपले, हे त्यावरूनच ठरते. ‘डेफ’सारखे मूळ शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात, परंतु ‘व्याज’, ‘मुद्दल’ ही नावे देवनागरीतही चालतात. घरातील मुलांना शिकविताना या सोयीचा लाभ अवश्य घ्यावा.

नुसते लिहून ठेवलेले फंक्शन काहीच करीत नाही. त्याला नावाने हाक मारून कंसात आकडे द्यावे लागतात, तेही इंग्रजी अंकांत व स्वल्पविरामाशिवाय. व्यापाऱ्याचा हात सवयीने १,००,००० लिहितो. पायथन त्याचे एक, शून्य, शून्य असे तीन निरनिराळे आकडे समजते आणि अडून बसते.

खरी गफलत ‘प्रिंट’ आणि ‘रिटर्न’ यांत होते. ‘प्रिंट’ने व्याज पडद्यावर दिसते, एवढेच. मुनीमजींनी आकडा तोंडी सांगितला, पण चिठ्ठी हाती दिली नाही, तसा हा प्रकार. पुढे मुद्दलात ते व्याज मिळवू गेल्यास मिळवण्यासारखे काही हाती नसते आणि प्रोग्राम थांबतो. ‘रिटर्न’ चिठ्ठी हाती देते.

जीएसटीच्या हिशेबात याचे मोल विशेष कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक वस्तूंचे दर बदलले. दर चाळीस ठिकाणी लिहिलेला असेल, तर एखादी जागा सुटावयाचीच. फंक्शनमध्ये तो एकदाच बदलावा लागतो. मात्र तेथे केवळ नवा दर घातला, तर त्याआधीचे बिल पुन्हा काढताना त्यावरही नवाच कर लागेल, आणि संगणक चकार शब्द काढणार नाही. म्हणून रकमेबरोबर बिलाची तारीखही कंसात द्यावी आणि दर तिच्यावरून ठरू द्यावा.