अन्ननलिका काढायची की थांबायचे?

आधी पोळी अडकते, मग भात, मग पेजसुद्धा. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे रुग्ण शासकीय रुग्णालयात येतात ते बहुधा पेजेच्या टप्प्यावर. तोवर वजन दहा-बारा किलोंनी उतरलेले असते.

यावरची शस्त्रक्रिया मोठी. छातीतून आणि पोटातून अन्ननलिकेचा बराचसा भाग काढतात, जठराची नळी करून ती वर ओढतात आणि छातीत किंवा मानेत जोडतात. हा जोड गळणे आणि न्यूमोनिया, या दोन गोष्टींची सर्जनना धास्ती असते. दुर्बिणीमुळे दुसरी बरीच कमी झाली. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसांचा संसर्ग उघड्या शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के रुग्णांना झाला.

आता प्रश्न त्याही पुढचा आहे. आधी केमो आणि रेडिएशन दिले, गाठ दिसेनाशी झाली, तरी कापायचे का? नेदरलँड्समधील ‘सॅनो’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२५मध्ये आले. अशा रुग्णांपैकी काहींची लगेच शस्त्रक्रिया झाली, काहींवर नुसती नजर ठेवली. दोन वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे पाऊणशे टक्के, म्हणजे चारातले तीन रुग्ण हयात होते. साहजिकच रुग्ण विचारू लागले आहेत, ‘डॉक्टर, मग ऑपरेशन कशाला?’

पण ‘नजर ठेवणे’ म्हणजे घरी जाणे नव्हे. ठरावीक महिन्यांनी एंडोस्कोपी, तुकडा तपासणी, पेट स्कॅन. नजर ठेवलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची गाठ त्याच जागी पुन्हा उगवली. ती वेळेवर सापडली म्हणून शस्त्रक्रिया करता आली. शिवाय तिथले बहुतेक रुग्ण अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे होते. आपल्याकडे जास्त आढळतो तो तंबाखू-दारूशी नाते सांगणारा स्क्वॅमस प्रकार. तो रेडिएशनला अधिक दाद देतो, हे खरे. म्हणून थांबण्याचा मोह आपल्याकडे अधिकच व्हावा. पण मजुरी बुडवून, एसटीने दीडशे किलोमीटर येणारा रुग्ण दर तीन महिन्यांनी येईल का? दोन खेपा चुकल्या की गाठ हाताबाहेर जाऊ शकते.

माझे मत स्पष्ट आहे. तपासण्यांची हमी नसेल आणि प्रकृती झेपणारी असेल, तर शस्त्रक्रियाच करावी. तीही जिथे अशा शस्त्रक्रिया नियमित होतात तिथे. वर्षाला किती करता, हे सर्जनला बेधडक विचारा. तारीख मिळेपर्यंत तंबाखू, विडी बंद आणि गिळवत नसेल तर नळीवाटे आहार लगेच सुरू.