सहा मीटरांपलीकडे

भंडाऱ्याहून तुमसरला जाताना वाटेत मोहाडी लागते. चौंडेश्वरी मातेच्या दर्शनाला आपल्यापैकी काही जण तिथे गेलेही असतील. आजूबाजूला धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, आणि जवळच्या आंधळगावात कोशाची वस्त्रे विणणारे विणकर. अशा गावी जन्मभर चष्मे देऊन निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थांचे चित्र जरा डोळ्यांपुढे आणू या. त्यांचे नाव कुठे छापून येत नाही. पण तालुक्याच्या गावी असा माणूस बहुधा असतोच.

त्यांचे आयुष्य सहा मीटरांत गेलेले असते. हर्मान स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता तयार केला. तो सहा मीटरांवरून वाचायचा. पण एवढे लांब दुकान लहान गावात कुणाला परवडणार? मग तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे, अक्षरे उलटी, आणि समोर तीन मीटरांवर आरसा! ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यासाठी तीन दात्यांची खूण. "दाते कुठल्या बाजूला, सांगा बरं?" हा प्रश्न त्यांनी हजारो वेळा विचारलेला असतो. विणकराला धागा दिसेनासा झाला, की तो 'चाळिशी' मागायला त्यांच्याचकडे यायचा. चाळिशी लागली म्हणजे वय झाले, हे खरे. पण ती नाकावर चढली की हातातले काम टिकते, हेही तितकेच खरे.

आता दुकान बंद. सकाळी तलावाच्या पाळीवर फेरी, आणि दिवाळीत नागपूरहून येणाऱ्या नातवंडांची वाट पाहणे. नातवंडे येतात ती फोनमध्ये डोके घालूनच. थोरल्या नातीला चष्मा लागून वर्ष झालेले, आणि नंबर वाढलेला. सूनबाई हळूच विचारतात, "बाबा, दवावर अनवाणी चालवलं तर उतरेल का हो? उद्या मुलीचं लग्न व्हायचंय."

घराघरांत विचारला जाणारा हा प्रश्न आहे. म्हाताऱ्याचे उत्तर सरळ असते : "दवाने नंबर उतरत नाही, आणि चष्मा घातल्याने वाढतही नाही. तिला नीट दिसू दे. लग्नाचं लग्नाच्या वेळी बघू. पण धाकट्याला अजून चष्मा नाही ना? मग त्याला उन्हापावसात बाहेर सोडा."

यात नुसता आजोबांचा हट्ट नाही. चीनमधील ग्वांगझौ शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटे जादा बाहेर नेण्याचा प्रयोग तीन वर्षे चालला. २०१५ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. एरवीच्या शाळांत शंभरांतील सुमारे ४० मुलांना दूरचे धूसर दिसू लागले. बाहेर नेलेल्यांत सुमारे ३० जणांना. बाहेरचा उजेड, अगदी झाडाच्या सावलीतलासुद्धा, घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. त्या उजेडामुळे वाढत्या वयात डोळ्याचा गोल अवाजवी लांबत नसावा, असे तज्ज्ञ मानतात. लागलेला चष्मा त्याने सुटत नाही. न लागलेला मात्र टळू शकतो, निदान लांबू शकतो. फुकटात मिळणारे असे औषध दुसरे कोणते?

तेव्हा भाऊबीज झाली, झाडीपट्टीत मंडईचे दिवस आले, की आजोबा दोन्ही नातवंडांना घेऊन पाळीवर निघतात. पाण्यावर शिंगाड्याच्या वेलांत एक कमळपक्षी चालत असतो. आजोबांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरू लागलेला. त्यांना नुसता एक ठिपका हलताना दिसतो.

"चोच कुठल्या बाजूला, सांगा बरं?"

"उजवीकडे!" चष्मेवाली नात पहिल्यांदा ओरडते.

वाचकहो, या सुट्टीत मुलांचे डोळे एकदा तपासून घ्या. आणि फराळ झाला, की त्यांना जरा बाहेर काढा.