माळवदांचे चित्र कोण काढील?

बेर्नार्दो बेलोत्तो हा व्हेनिसचा चित्रकार १७४७ साली सॅक्सनीच्या दरबारी ड्रेस्डेनला गेला, आणि एल्ब नदीवरील पूल, फ्राउएनकिर्शचा घुमट, बाजारचौक व त्यांत वावरणारी सामान्य माणसे यांची जी दृश्ये त्याने राजाज्ञेवरून रंगविली, ती पुढे दस्तऐवज ठरतील हे त्याच्या स्वप्नीही नसावे. तोफांच्या माऱ्याने जर्जर झालेल्या क्रॉयत्सकिर्शचा मनोरा १७६५ साली ढासळला, तेव्हा तो ढिगाराही त्याने तितक्याच निर्विकारपणे चितारला. फेब्रुवारी १९४५ च्या बाँबवर्षावात ड्रेस्डेन भस्मसात झाले. वॉर्साची उद्ध्वस्त जुनी पेठ युद्धानंतर पुन्हा उभारताना तर तेथील स्थपतींनी बेलोत्तोनेच पुढे रंगविलेली त्या शहराची चित्रे पुढ्यात ठेवली. सौंदर्यार्थ त्याने केलेले फेरफारही म्हणे काही दर्शनी भिंतींत उतरले. मला त्यात वावगे वाटत नाही.

हे आठवण्याचे कारण आमचा परभणी जिल्हा. चारठाण्याची मंदिरे आणि गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केलेली वालूरची चक्राकार बारव यांचा लौकिक आता दूरवर गेला आहे. परंतु अकबराच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे असलेली पाथरी, तसेच सेलू, जिंतूर येथील जुन्या गल्ल्यांतील वाड्यांच्या ढेळजा, कोरीव खांब, देवळ्या आणि लाकडी कड्यांवर माती चढविलेली माळवदे यांच्याकडे कागद-पेन्सिल घेऊन कोण बसतो? महसुली दफ्तरात क्षेत्रफळ व चतुःसीमा सापडतील. ढेळजेत ऊन कुठवर येई, याची नोंद ठेवणारे खाते अद्याप निघालेले नाही.

छायाचित्रे आहेत की, असा आक्षेप येईल. परंतु अरुंद बोळात कॅमेऱ्याला अर्धाच दरवाजा दिसतो, आणि कोणती तुळई कोणत्या खांबावर टेकली आहे हे रेखाटणाऱ्यास आधी समजून घ्यावेच लागते.

वाडा पाडू नका, असे मालकास बजावण्याचा अधिकार आपणांस नाही. गळके माळवद आणि भावाभावांतील वाटण्या त्यालाच निस्तरायच्या असतात. मात्र पाडकामाचा अर्ज नगरपरिषदेत दाखल झाला, की परवान्यापूर्वी, मालकाच्या संमतीने, त्या घराची चार-पाच रेखाचित्रे दप्तरी लावून घेण्यास कोणाची हरकत असावी? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी जत्रा आणि बसस्थानक स्मरणाने गिरविणारी मुले गावोगाव आहेत; कलाशिक्षकांनी त्यांना सुटीच्या दिवशी अशा घरासमोर बसवावे, आणि कागद-रंगांचा खर्च नगरपरिषदेने उचलावा.