वीस नख्यांचा हिशोब

मंडळी, वीस नख्यांचं कासव घरात ठेवलं की लक्ष्मी नांदते म्हणे! अशी कासवं विकणाऱ्यांना पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. आपण वाचतो, हसतो, आणि नात्यातल्याच एखाद्या घरी गेलं की दिवाणखान्यात काचेच्या पेटीत जिवंत कासव! वर, "आत्या, वास्तूला चांगलं असतं गं." शिकली-सवरलेली माणसं ही!

जन्मभर शाळेत शिकवलं, तेव्हा आधी हिशोब करू. आपल्या तळ्यांत, कालव्यांत, भातखाचरांत राहणारं मऊ पाठीचं कासव घ्या. त्याच्या पाठीवर टणक खवले नसतात, कातडी असते. मागचे पाय आत घेतले की पोटाकडच्या दोन झडपा त्यांच्यावर बसतात, दार लावून घ्यावं तशा. नख्या म्हणाल तर प्रत्येक पायाला तीन. तीन चोक बारा! टणक पाठीचं काळं कासव घेतलं तरी पुढे पाच-पाच, मागे चार-चार, म्हणजे अठरा. वीस आणायच्या कुठून?

"आम्ही रोज पाणी बदलतो, खायला घालतो," हे दुसरं समर्थन. अहो, त्याला चिखल हवा! उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाची वाट बघतं. अंडीही मातीत पुरतं. गोगलगायी, बेडूक, मासे, पाणवनस्पती, मेलेले जीवसुद्धा खातं. मेलेलं खाऊन तळं साफ ठेवणारा हा जीव. त्याची बरकत तळ्याला, तुमच्या तिजोरीला नव्हे.

कायदाही सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मऊ पाठीचं कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. पाळलं तर तुरुंगवास होऊ शकतो. तेव्हा कुणाकडे असेल तर वनखात्याला कळवा. गुपचूप दिसेल त्या तळ्यात सोडू नका.

देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला उपमा दिली आहे ती कासवाचीच: अवयव आत ओढून घ्यावेत तशी इंद्रियं आवरावीत. ज्याच्याकडून लोभ आवरायला शिकायचं, त्यालाच लोभापायी कोंडायचं? याला धर्म म्हणायचं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

असो. कुणाला राग आला असेल तर येऊ दे. कासव तेवढं सुटू दे.