प्रत्येक दुखणे मूळव्याध नसते

बसताना ठणका लागतो, गुदद्वाराशेजारी गाठ हाताला लागते, अंगात ताप भरतो. अशा वेळी गावोगावी पहिला अंदाज निघतो तो मूळव्याधीचा. मग मलम, झाडपाला, मेडिकलमधल्या गोळ्या. जागाच अशी की घरातही सांगायचा संकोच. त्यात मोलाचे दिवस जातात.

मूळव्याधीत बहुधा शौचाच्या वेळी रक्त पडते, पण फारसे दुखत नाही. सतत ठणका, सूज आणि ताप ही मात्र गळवाची लक्षणे. गुदमार्गातील बारीक ग्रंथीचे तोंड बुजले, की जंतुसंसर्ग होऊन तिथे पू साचतो. हा पू गोळ्यांनी जिरत नाही. अँटिबायोटिकने ठणका थोडा कमी होतो आणि बरे वाटल्याचा भास होतो. पू मात्र आत पसरत राहतो. भूल देऊन चीर द्यायची आणि पू काढायचा, हाच खरा उपाय. जखम शिवत नाहीत, ती आतून भरावी लागते. त्यासाठी कोमट पाण्यात बसणे आणि रोजची स्वच्छता हवी. पुढे साधारण तिघांपैकी एकाला तरी भगंदर होऊ शकते, म्हणून फेरतपासणी टाळू नये. मधुमेह असेल तर संसर्ग झपाट्याने पसरून जिवावर बेतू शकते.

पण हे सारे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराला कसे जमावे? दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पालावर ना शौचालय, ना पुरेसे पाणी. ताप अंगावर काढून मोळी उचलणाऱ्याला ‘लगेच दाखवायला हवे होते’ असे ऐकवण्यात अर्थ नाही.

आजारपणाची रजा खाड्यात धरू नये, फडाजवळच्या आरोग्य केंद्राने असा रुग्ण त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावा आणि निघण्यापूर्वी गावातच रक्तातील साखर तपासली जावी. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. पण हंगामात रुग्ण शेकडो किलोमीटर दूर असतो. सोय त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कारखाने आणि सरकार यांनी घ्यायला हवी.