पडद्यावरील नवल आणि हातांची करामत

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. दिल्लीत धुके दाटले होते, शाळांना सुट्टी होती आणि मुले घरात कंटाळली होती. तेव्हा त्यांना दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट दाखविला. अंतराळयुद्धांच्या चित्रपटांना सरावलेल्या मुलांना तो कालिया पाहून प्रथम हसूच आले. “बाबा, हा तर खोटा साप!” धाकटा म्हणाला. थोड्याच वेळात मात्र तोच पडद्याजवळ सरकून बसला. “पण ह्याला हलवतो कोण?” हा त्याचा पुढचा प्रश्न होता.

जुन्या साहसपटांच्या आणि अद्भुतपटांच्या मोहिनीचे मर्म या प्रश्नातच आहे. आजच्या पडद्यावर काहीही घडू शकते. म्हणूनच कशाचेही नवल वाटेनासे झाले आहे. जुन्या चित्रपटांत नवलामागे माणसाचा हात जाणवतो आणि पाहणाऱ्याचे कुतूहल जागे होते.

फ्रान्समध्ये १९०२ साली चंद्रावरील सफरीचा चित्रपट काढणारे जॉर्ज मेलिएस मूळचे जादूगार. फाळकेही जादूचे प्रयोग करीत. १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोपाची वाढ दिवसामागून दिवस, एकेक चित्र घेऊन टिपली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वर आले! विज्ञान आणि चमत्कार एकाच कॅमेऱ्यातून प्रकटले. विशेष हे की, या उद्योगात सारे घर राबत होते. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे पत्नी सरस्वतीबाई करीत. ‘कालिया मर्दन’मधील कृष्ण म्हणजे त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी. आरंभी ती नाना मुद्रा करून दाखविते आणि मग डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो.

दुर्दैवाने ही करामत फार थोडी उरली आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई. न पेटली तरी कालांतराने कुजून जाई. मेलिएस यांनी तर १९२३ साली वैफल्याने आपल्या मूळ फिल्म स्वतःच जाळल्या. चंद्रसफरीची हाताने रंगविलेली एक प्रत १९९३ साली स्पेनमध्ये सापडली आणि दुरुस्त होऊन २०११ साली पुन्हा पडद्यावर आली. फाळक्यांचे बहुतेक चित्रपट नाहीसे झाले. ‘कालिया मर्दन’ बराचसा हाती राहिला, हे आपले भाग्य.

वाचकहो, सुट्टीच्या एखाद्या संध्याकाळी तो मुलांसमवेत अवश्य पाहावा. मुले हसली तर हसू द्यावीत. उत्तर देण्याची घाई मात्र करू नये. आमच्या घरी दुसऱ्याच दिवशी पुठ्ठ्याचा एक साप तयार झाला. त्याच्या फण्याला दोरा बांधलेला होता.